साडेआठचा पाऊस आणि १९७०ची विहीर

हिवरे बाजारात पाण्याचा हिशेब घरखर्चासारखा मांडतात. पाऊस किती पडला, विहिरी कुठवर भरल्या, यावरून ताळेबंद. मग ग्रामसभेत पिकांचा निर्णय. ऊस-केळीला मज्जाव, शेतीसाठी बोअरलाही. अशा गावात पावसाची तारीखच एका दिवसाने सरकली तर?

सरकतेच, तीही सरकारी नियमाने! हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो. १४ जुलैच्या संध्याकाळची सर १५ जुलैच्या खात्यावर जमा. दर पंधरा मिनिटांनी मोजणाऱ्या यंत्राचे आकडे या चौकटीत बसवायला पायथनच्या 'पांडाज'मध्ये रिसॅम्पल हे फंक्शन आहे. त्याला साडेआठ तासांचा ऑफसेट द्यायचा, बेरीज मागायची आणि लेबल उजव्या टोकाचं लावायला सांगायचं. (पांडाजचा पांडा अस्वलाशी संबंध नाही, नाव 'पॅनेल डेटा'वरून आलंय.)

आपला शेतकरी हे कधीपासूनच करतो. मृग, आर्द्रा, पुनर्वसू... साडेतेरा दिवसांचा एकेक कप्पा, आणि शिवाय वाहन म्हैस की बेडूक हेही! पंचांगात तर क्षयतिथी आहे, वृद्धितिथी आहे, आणि घसरलेलं वर्ष जागेवर आणायला अधिक महिनाही.

यंत्र कधी दहा मिनिटं उशिरा बोलतं, कधी एकच आकडा दोनदा पाठवतं. 'अपाची आयओटीडीबी' या डेटाबेसमध्ये अशा वेळांची डागडुजी करणारं फंक्शन आहे. नोंदींमधली अंतरं पाहून खरा ठेका कोणता ते ते ओळखतं. कशाने? मध्यक किंवा बहुलक काढून. दहावीत 'याचा पुढे उपयोग काय' म्हणणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

रिकाम्या जागा भरणारी फंक्शनंही आहेत, पण त्यांच्यापासून जरा जपून. विहिरीची पातळी सोमवारी ६ मीटर आणि बुधवारी ७ मीटर खोल असेल, तर उन्हाळ्यात मंगळवारी साडेसहा धरायला हरकत नाही. पावसाचं तसं नसतं. सोमवारी २० आणि बुधवारी ४० मिलिमीटर म्हणून मंगळवारी ३० लिहिलं, तर तो पाऊस संगणकात पडला; शिवारात नाही. रिकामा रकाना म्हणजे शून्य, हे तर त्याहून घातक. माणूस मोजायला गेला नाही म्हणून ढग थांबत नाहीत.

घड्याळ विसरलेलं यंत्र मात्र ओळखायला सोपं. संगणकाची शून्य वेळ म्हणजे ग्रिनिचची १ जानेवारी १९७०ची मध्यरात्र, अर्थात आपल्याकडे पहाटेचे साडेपाच. विहिरीच्या नोंदीवर ती वेळ दिसली, की समजायचं: १९७२च्या दुष्काळाआधीच तिथे सेन्सर बसला होता, किंवा बॅटरी गेलीय.

जुन्या ३२ बिटी घड्याळांचा शेवटचा सेकंदही ठरलेला आहे: १९ जानेवारी २०३८, आपल्या सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद. पुढच्याच टिकेला ती थेट डिसेंबर १९०१मध्ये जाऊन पडतील. त्या दिवसाचा पाऊस मोजून तेव्हा जेमतेम चौदा मिनिटं झाली असतील.