आतड्याचा जोड आणि गळतीची लक्षणे
आतड्याचा रोगग्रस्त भाग काढल्यानंतर उरलेली टोके दोऱ्याने शिवली जातात किंवा स्टेपलरने जोडली जातात. स्टेपलर टायटॅनियमच्या बारीक टाचण्यांच्या रांगा एकाच दाबात बसवतो. प्रत्येक टाचणी इंग्रजी ‘बी’ अक्षरासारखी मिटते, म्हणून कडांचा रक्तप्रवाह थांबत नाही. त्वचेवरील टाचण्या नंतर काढतात; आतील टाचण्या मात्र आयुष्यभर तशाच राहतात आणि त्यांचा त्रास सहसा होत नाही.

जोड टिकतो तो मुख्यतः रक्तपुरवठा चांगला असल्यामुळे आणि ताण नसल्यामुळे. यंत्र महाग होते म्हणून जोड पक्का झाला, असे मानणे योग्य नव्हे. धूम्रपान, अनियंत्रित मधुमेह, कुपोषण आणि गुदद्वाराजवळचा जोड यांमुळे गळतीचा धोका वाढतो. अशा वेळी शल्यविशारद काही काळ पोटावर मलमार्ग काढतात. कुटुंबाने त्यास अपयश समजू नये.

गळती बहुधा पहिल्या दहा दिवसांत, अनेकदा रुग्ण घरी परतल्यावर उघड होते. कमी होत आलेली पोटदुखी पुन्हा वाढणे, ताप, थंडी वाजणे, नाडी जलद चालणे, पोट फुगणे, उलट्या, जखमेतून दुर्गंधीयुक्त स्राव यांपैकी काहीही आढळल्यास वेदनाशामक देऊन सकाळची वाट पाहू नये. विशेषतः अधारतालच्या कुटुंबांनी हे ध्यानात ठेवावे, कारण नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालय जबलपूरच्या दुसऱ्या बाजूस आहे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, रुग्णास खाणेपिणे देऊ नये आणि शस्त्रक्रियेची कागदपत्रे सोबत न्यावीत.