लाइट-पाणी धरून

मुंबईतल्या खोलीचं १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडं होतं, तेच पुढे जवळपास साठ वर्षं प्रमाण मानलं गेलं. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने ते गोठवलं. त्या भाड्याच्या आकड्यावर आजवर पुष्कळ लिहून झालंय. पण नळाचं पाणी, जिन्यातला दिवा, सामायिक संडासाची साफसफाई हे सगळं त्याच आकड्यात धरलेलं होतं, याकडे फारसं कुणी बघत नाही. भाडं गोठलं, बल्बची किंमत आणि झाडूवाल्याचा पगार काही गोठला नाही. वाढलेले कर भाडेकरूकडून घेण्याची एक वाट कायद्यात होती, पण तेवढ्याने मालकाचं भागत नसे.

मग भांडण भाड्यावरून नळावर आलं. पंप बिघडला की महिनोन् महिने माणूस मिळेना, जिना अंधारात, गच्चीवरच्या टाकीची चावी मालकाकडे. कायदा करणाऱ्यांना याचा अंदाज आधीच आला असावा, कारण सेवा तोडायला बंदी करणारं २४वं कलम त्याच कायद्यात होतं. १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात ते २९वं कलम झालं. पाणी, वीज, जिन्यातले आणि बोळातले दिवे, लिफ्ट, सफाई अशी यादीच त्यात आहे. ती यादी वाचताना तक्रारी घेऊन आलेल्या भाडेकरूंची रांग डोळ्यांपुढे उभी राहते.

पुण्याच्या वाड्यांतही फार वेगळं नव्हतं. मीटर मालकाच्या नावावर, एकच. बिऱ्हाडाला दिवा किती, पंखा आहे का, हे पॉइंट मोजून ठरायचं. इस्त्री आणि कॉइलची शेगडी यांवर मालकीणबाईंची नजर असे, आणि रात्री उशिरापर्यंत अभ्यास करणाऱ्या मुलाचं कौतुक वाड्यात सगळे करत, त्या सोडून. (विजेचा भार सांभाळणाऱ्या बाईचा हा दृष्टिकोन मला पूर्ण समजतो.) भाड्यात सगळं धरायचं म्हणजे मालकाने तुमच्या जगण्याचा अंदाज बांधायचा, आणि तो चुकू नये म्हणून तुमच्यावर लक्ष ठेवायचं.

या पद्धतीला सगळ्यांत मोठा जोर मिळाला तो १९७३ साली, आणि तोही कायद्यामुळे. त्या वर्षी १ फेब्रुवारीला ज्यांचे लिव्ह अँड लायसन्सचे करार चालू होते, ते भाडेकरूच मानावेत अशी दुरुस्ती झाली. धसका घेतलेल्या कित्येक मालकांनी फ्लॅट कुलपात ठेवले, पण परक्याला दिले नाहीत. त्याच दुरुस्तीत पेइंग गेस्टला मात्र वगळलं होतं. व्याख्या अशी, की ज्या घरात मालक स्वतः राहतो त्याचाच एक भाग ज्याला दिलेला आहे, तो पेइंग गेस्ट. साहजिकच दादर-पार्ल्यापासून गिरगावापर्यंत आतल्या खोलीत एखादी नोकरी करणारी मुलगी किंवा बँकेतला तरुण राहू लागला. घर एक, मीटर एक, नळ एक. हिशेब वेगळा करणार कसा? त्यामुळे लाइट-पाणी धरून भाडं, आणि आंघोळीला एकच बादली गरम पाणी. पाहुण्यापेक्षा थोडं कमी आणि भाडेकरूपेक्षा बरंच कमी, अशी ही माणसं होती.

१९९९च्या कायद्याने लायसन्सवर दिलेली जागा मुदत संपल्यावर परत मिळण्याची वाट सोपी केली. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. कुलपातले फ्लॅट हळूहळू उघडले. अकरा महिन्यांचा करार, विजेचं बिल राहणाऱ्याकडे, सोसायटीचा मेंटेनन्स मालकाकडे, ही रीत रुळली. पाणी बहुतेक मेंटेनन्समध्येच येत असल्याने मुंबईत ते आजही न बोलता भाड्यात असतं.

दरम्यान पुण्यात कॉट बेसिस, म्हणजे खोलीऐवजी नुसती कॉट भाड्याने देणं, वाढलं आणि अलीकडे त्याचं गुळगुळीत रूप, को-लिव्हिंग, आलं. वायफाय, पाणी, सफाई, वीज असं सगळं पुन्हा धरून. फरक एवढाच की मालक आता घरात राहत नाही, त्यामुळे बादलीवर नजर ठेवायला कुणी नाही. ते काम एसीच्या सबमीटरने घेतलंय. २०२० साली लोक दिवसभर खोलीत बसून काम करू लागले, तेव्हा सकाळी जाऊन रात्री येणाऱ्या माणसावर बांधलेले अंदाज कोलमडले. ‘अमुक युनिटांपर्यंत भाड्यात, पुढे वेगळे’ ही अट चांगलीच उपयोगाची ठरली ती तेव्हा.

इथे एक गणित मुलांना क्वचितच कुणी सांगतं. महावितरणचा घरगुती दर पहिल्या १०० युनिटांना सर्वांत कमी, १०१ ते ३०० ला बराच चढा, आणि पुढे आणखी. सहा कॉट एका मीटरवर आल्या की सगळ्यांचा वापर मिळून वरच्या टप्प्यात जातो. प्रत्येकाचं स्वतःचं मीटर असतं, तर बहुतेकांचं स्वस्त युनिटांतच भागलं असतं. मालक म्हणतो, मला बिलच त्या दराने येतं. राहणारा म्हणतो, मी तर एवढी वीज वापरतच नाही. दोघेही खरंच बोलत असतात, आणि सबमीटरचं रीडिंग घ्यायला वीज कंपनीचा माणूस काही येत नाही.