उललेली त्वचा आणि डब्यातील प्रथिने

आष्टीच्या एका वाचकाने पृच्छा केली आहे की, हिवाळ्यात हातपाय उलतात त्यावर दुधातील प्रथिनांची भुकटी घेतल्यास गुण येतो असे जाहिराती सांगतात, त्यात तथ्य किती? पर्जन्यछायेतल्या ज्या तालुक्यात पुष्कळ घरांचा चरितार्थ दुभत्यावर चालतो, तेथे या प्रथिनाची ओळख जाहिरातीने करून द्यावी असे मुळीच नाही. गाईच्या दुधाचा दर ठरवताना संकलन केंद्रावर ३.५ फॅट व ८.५ एसएनएफ (स्निग्धांशाखेरीजचे घन पदार्थ) हे जे प्रमाण धरतात, त्या साडेआठांतील सुमारे सव्वातीन भाग प्रथिनांचेच असतात. आणि महागड्या डब्यातली भुकटी म्हणजे चीज करताना निथळलेल्या पाण्यातील प्रथिने गाळून, वाळवून केलेला जिन्नस होय.

हे प्रथिन पोटात गेले की त्याची अमिनो आम्ले होतात, आणि एखाद्या गावचा वसूल तालुक्याच्या खजिन्यात भरणा झाल्यावर तो त्याच गावच्या विहिरीवर खर्च होईल अशी हमी जशी कोणी देत नाही, तशी ती आम्ले त्वचेकडेच जातील अशी हमीही देता येत नाही. प्रथिनांचा खरा दुष्काळ पडला तर मात्र त्वचेची दैना होते. १९३३ साली सिसिली विल्यम्स या डॉक्टरबाईंनी आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट वसाहतीतल्या कुपोषित बालकांची सोलवटून निघणारी कातडी रीतसर नोंदवून ठेवली आहे. परंतु उणीव भरल्याने होणारा लाभ, उणीव नसताना भर घातल्याने होतोच असे नाही. गंमत म्हणजे, जपानात केशविरहित उंदरांना दुधाचे घटक चारले असता त्वचेला जो लाभ दिसला, तो फॉस्फोलिपिडांचा, म्हणजे स्निग्धांशाचा होता. अर्थात उंदरांचा दाखला माणसांना लावण्याची घाई नको.

मग त्वचा मऊ राहते ती कशाने? या विषयात ज्याचे नाव आवर्जून घ्यावे आणि जे क्वचितच घेतले जाते, ते आयर्विन ब्लँक या अमेरिकन संशोधकाचे. तळपायाच्या घट्ट्याचे वाळून कडक झालेले तुकडे त्याने निरनिराळ्या तेलांत बुडवून ठेवले, तरी ते ठिसूळच राहिले; पाणी मिळताच मात्र ते लवचीक झाले. १९५२ साली प्रसिद्ध झालेल्या या साध्या प्रयोगाने, त्वचेला मऊपणा येतो तो पाण्याने, तेलाचे काम ते पाणी अडवून धरण्याचे, हा निवाडा कायमचा दिला. हिवाळ्यात पहाटेची दहा अंशांची हवा बाष्पाने पूर्ण भरलेली असली तरी दुपारी अठ्ठावीस अंशांना तापल्यावर तिची सापेक्ष आर्द्रता जेमतेम तेहतीस टक्के उरते, आणि अशी तहानलेली हवा त्वचेतील पाणी शोषून घेते.

साठ किलो वजनाच्या निरोगी प्रौढास दिवसाला सुमारे पन्नास ग्रॅम प्रथिने पुरतात आणि पाव लिटर दुधातून आठ ग्रॅम मिळतात. उरलेली डाळ, उसळ, भाकरी यांतून भरून निघू शकतात. तेव्हा डब्याचा खर्च वाचवावा, स्नानाचे पाणी फार कढत घेऊ नये, अंग टिपून ते ओलसर असतानाच खोबरेल अथवा व्हॅसलिन लावावे. आणि भेगांतून रक्त येत असेल किंवा मधुमेह असेल, तर विनाविलंब डॉक्टरांना दाखवावे.