उसाच्या बेटावर गोल्फच्या काठ्या

कात्र बोर्न, मॉरिशस

डिसेंबर लागला की प्लेझान्सच्या विमानतळावर लांबुडक्या पिशव्यांची वर्दळ सुरू होते. पॅरिस, लंडन, जोहान्सबर्गच्या विमानांतून त्या उतरतात. उभी केली तर माणसाच्या छातीला लागेल एवढी पिशवी, खाली दोन चाकं आणि आत चौदा क्लब, म्हणजे गोल्फच्या काठ्या. चौदाहून जास्त क्लब घेऊन खेळायला नियमानेच मनाई आहे. मुंबईच्या सहा-एक तासांच्या विमानातूनही हल्ली चार-दोन पिशव्या उतरताना दिसतात. त्यांचे मालक बाकीच्या प्रवाशांपेक्षा अंमळ उशिरा बाहेर पडतात, कारण लांब सामान नेहमीच्या पट्ट्यावर येत नाही, ते वेगळं आणून ठेवतात.

इथे आल्यावर पहिला प्रश्न येतो तो बुटांचा. गोल्फच्या बुटांना तळाशी खुंट्या असतात आणि खुंट्यांत घरच्या मैदानाची माती आणि गवत अडकून बसलेलं असतं. मॉरिशसमध्ये ऊस किंवा उसाचा कुठलाही भाग आणायला बंदी आहे आणि मातीतले सूक्ष्मजीवही याच यादीत आहेत. ज्या देशाची दोनशे वर्षं एका पिकावर गेली, तो देश परक्या मातीला भिणारच. म्हणून पुण्याहून निघताना बूट घासून, धुऊन, वाळवून आणावेत. चिखलाचे बूट पिशवीच्या तळाशी कोंबणाऱ्यांविषयी मला अजिबात सहानुभूती नाही.

आता प्रत्यक्ष बांधाबांध. काठ्या विमानाच्या केबिनमध्ये नेता येत नाहीत, त्या सामानातच टाकाव्या लागतात. तिथे मोडते ती बहुधा ड्रायव्हर नावाची काठी. सगळ्यांत लांब, सगळ्यांत महाग आणि मानेपाशी सगळ्यांत नाजूक. आयर्न नावाच्या काठ्यांना सहसा काही होत नाही. ड्रायव्हरचं डोकं किल्लीने सोडवता येत असेल तर सोडवावं, मोज्यात गुंडाळून पिशवीच्या मध्यावर ठेवावं. उरलेल्या डोक्यांभोवती टॉवेल. आणि पिशवीत उभा राहणारा एक टेकू मिळतो, उंची कमी-जास्त करता येणारा. तो सगळ्या काठ्यांपेक्षा बोटभर उंच ठेवायचा, म्हणजे पिशवी डोक्यावर आपटली तरी धक्का टेकू खातो. अंतर मोजणाऱ्या रेंजफाइंडरच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या मात्र हातातल्या बॅगेत, सामानात नाही.

कडक खोक्याची पेटी घ्यावी की मऊ पिशवी, यावर गोल्फवाले रात्रभर भांडू शकतात. इथे येणाऱ्याने मऊच घ्यावी, कारण साधं आहे: भाड्याने मिळणाऱ्या गाड्या छोट्या असतात. मागची सीट पाडूनही कडक पेटी तिरकीच राहते आणि मग बायको-मुलांना टॅक्सी करावी लागते.

वजनाचं गणित विमान कंपनीगणिक बदलतं. काही कंपन्या गोल्फची पिशवी तुमच्या हक्काच्या सामानात धरतात, तेवीस किलोंत बसली की विषय संपला. काही तिला खेळाचं साहित्य म्हणून वेगळी लावतात, आधी कळवा म्हणतात, पैसे मागतात. त्यामुळे तिकीट काढण्याआधी हे वाचून घ्यावं. रियुनियन किंवा रॉड्रिग्ज या शेजारच्या बेटांना जोडून जाणार असाल तर आणखी सावध राहा. तिथे छोटी एटीआर विमानं जातात आणि त्यांच्या पोटात जागा बेताची असते. काठी मोडलीच, तर विमानतळ सोडण्याआधी तक्रारीचा कागद करून घ्या. १९९९ च्या मॉन्ट्रियल कराराप्रमाणे मोडतोडीची लेखी तक्रार सामान हाती आल्यापासून सात दिवसांत व्हावी लागते. शेजाऱ्यांकडे आलेल्या एका पाहुण्यांनी पिशवी उघडली ती थेट मैदानावर, आठवडा उलटल्यावर. ड्रायव्हरचे दोन तुकडे आणि कंपनीचं अत्यंत नम्र नकारपत्र, एवढीच त्यांची कमाई.

मग एवढा खटाटोप करावा का? इथल्या प्रत्येक मोठ्या रिसॉर्टच्या मैदानावर काठ्या भाड्याने मिळतात आणि त्या बऱ्या असतात. आठवड्याच्या सुट्टीत एक-दोनदाच खेळणार असाल तर हात हलवत या. डावखुरे असाल तर मात्र आपल्याच आणा, कारण डाव्या हाताचे संच मोजके आणि आधीच कुणीतरी घेतलेले. बाकी रोज पहाटे उठून खेळणाऱ्यांना काय सांगावं. ते एकवेळ बायकोला घरी ठेवून येतील, पण पटर नाही.

पण हे बेट या पिशव्यांची इतकी वाट का पाहतं? रत्नागिरी जिल्ह्याच्या चौथाईतही न भरणारं बेट, आणि त्यावर अठरा होलची मैदानं दहाच्या आसपास! उत्तर साखरेत आहे. एकोणिसाव्या शतकात इथे साखरेचे अडीचशेच्या आसपास कारखाने होते, आज तीन उरले आहेत. १९७५ च्या लोमे करारापासून युरोप मॉरिशसची साखर ठरलेल्या कोट्यात आणि बांधून दिलेल्या भावात घ्यायचा. तो भाव बराच काळ जागतिक बाजारापेक्षा चांगलाच चढा होता आणि सगळ्यांत मोठा कोटा मॉरिशसचा होता. २००६ पासून युरोपने तो भाव टप्प्याटप्प्याने ३६ टक्क्यांनी उतरवला, २००९ मध्ये जुनी व्यवस्थाच संपली. जमीनदार कंपन्यांच्या हाती समुद्राकाठच्या जमिनी होत्या, पण त्यांतल्या उसाला आता तो भाव नव्हता.

सरकारला हे आधीच दिसत होतं. २००२ मध्ये इंटिग्रेटेड रिसॉर्ट स्कीम आली आणि परदेशी माणसाला इथे बंगला विकत घ्यायची मुभा मिळाली, किमान किंमत तेव्हा पाच लाख अमेरिकी डॉलर. पाच लाख डॉलर मोजणारा माणूस खिडकीतून ऊस कशाला बघेल? त्याला हिरवळ लागते. मग पूर्व किनाऱ्यावर ब्यू शाँच्या साखरेच्या जमिनीवर आनाहिता हे रिसॉर्ट उभं राहिलं, मैदान आखलं गोल्फपटू एर्नी एल्सने. दक्षिणेला बेल ओंब्रची जुनी वसाहत पीटर मॅटकोविचच्या आराखड्याने गोल्फमध्ये आली. तिथेच २०२३ मध्ये ला रिझर्व्ह हे दुसरं मैदान सुरू झालं, त्यात लुई ऊस्टहायझनचाही हात आहे. २०१५ पासून मॉरिशस ओपन ही स्पर्धा भरते. पहिल्या वर्षी युरोप, आशिया आणि दक्षिण आफ्रिका अशा तीन व्यावसायिक टूरनी तिला मान्यता दिली. टीव्हीवर ती दिसली की पुढच्या हंगामातल्या पिशव्या वाढतात, असा इथल्या हॉटेलवाल्यांचा हिशेब.

गोल्फ इथे आला मात्र साखर पडण्याच्या कितीतरी आधी. व्हाकोआचा मॉरिशस जिमखाना १८४४ सालचा, ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांच्या करमणुकीसाठी काढलेला. तिथलं मैदान छोटं, थंड पठारावर, पावसाळी ढगांखाली. पर्यटक तिकडे फारसे फिरकत नाहीत. मला तेच जास्त आवडतं.

फोटोसाठी सगळे जातात इल ओ सेर्फला. बर्नहार्ड लांगरने आखलेलं २००३ चं मैदान, आणि ते आहे एका वेगळ्या बेटावर. काठ्या विमानातून उतरल्या, गाडीतून धक्क्यावर आल्या, आता होडीत चढतात. होडीवाला पिशवी आडवी करत नाही, उभी करून दोरीने कठड्याला बांधतो. पलीकडे बग्गी तयार असते. पहिल्या टीवरून पाहिलं तर चेंडू पडायला जागाच दिसत नाही: काळा ज्वालामुखी दगड, तळी, खारफुटी आणि मधोमध पट्टीएवढी हिरवळ. चेंडू भरपूर आणावेत. जुलै-ऑगस्टमध्ये आग्नेयेचे व्यापारी वारे पूर्व किनाऱ्यावर असे सुटतात की सरळ मारलेला चेंडू खाडीत जातो. डिसेंबरनंतर वारा निवतो, पण मग उकाडा आणि चक्रीवादळाचे इशारे.

हाच काळा दगड उसाच्या शेतांत सगळीकडे. प्लेन मान्यँला, विमानतळाजवळच, दगडांचे पायऱ्या-पायऱ्यांचे ढीग उभे आहेत, पिरॅमिडसारखे. गूढ वगैरे काही नाही. शेत मोकळं करताना मजुरांनी हातांनी वेचलेले दगड रचून ठेवले, एवढंच. १८३४ पासून हिंदुस्थानातून साडेचार लाखांवर गिरमिटिये, म्हणजे करारबद्ध मजूर, या बेटावर उतरले. त्यांत कोकणातून मुंबई बंदरामार्गे आलेले मराठी लोकही होते. त्यांचे वंशज कास्काव्हेल, व्हाकोआ भागात आहेत. घरात क्रिओल बोलतात, शाळेत मराठी शिकतात, झाकरी नाचतात, आणि गणेश चतुर्थीला इथे सरकारी सुट्टी असते.

पश्चिमेकडच्या एका मैदानावर खेळाडूंना टीवर पाठवायचं काम करणारा एक तिशीतला मुलगा त्यांतलाच. मी मराठी म्हटल्यावर त्याने ‘नमस्कार’ घातला आणि पुढची सगळी बोलणी क्रिओलमध्ये केली, मी मोडक्या फ्रेंचमध्ये. पणजोबा ऊस तोडायचे. आईच्या नावावर अजून दोन आर्पां ऊस आहे. आर्पां म्हणजे एकरापेक्षा किंचित जास्त. तोडायला माणसं मिळत नाहीत, यंत्र आणायचं तर आधी शेतातले दगड काढायला हवेत. कोरड्या महिन्यांत गावच्या नळाला वेळापत्रक लागतं आणि कुंपणापलीकडे फवारे चालू दिसतात, यावर गावात कुरबुर आहे. ते पाणी सांडपाणी शुद्ध करून वापरलेलं असतं, असं मैदानाचे साहेब सांगतात. आईला ते पटत नाही, असं तो म्हणाला. खरं सांगायचं तर मलाही पूर्ण पटलेलं नाही.

तू खेळतोस का, असं विचारलं. कामगारांना सोमवारी दुपारी खेळू देतात, म्हणाला, पण काठ्या उधारीच्या, आणि सोमवारी त्याला झोप हवी असते, कारण रविवारी रात्री उशिरापर्यंत लिव्हरपूलची मॅच असते. एवढं बोलून तो पुढच्या चौघांच्या पिशव्या बग्गीला बांधायला गेला. त्यांतली एक अजून विमान कंपनीच्या पट्टीसकट होती.