गटासाठी गाणी-भाषणांचा प्लेअर घेताना

आम्ही पिंगळीहून बोलतोय. बैठकीत ऐकवायला छोटा प्लेअर घ्यायचा आहे, कोणता घ्यावा, असं आम्हाला बऱ्याच गटांनी विचारलं. त्यांची अडचण अशी, की गटाचा जुना लॅपटॉप आहे, पण त्यात विंडोज नाही, लिनक्स आहे. दुकानदार म्हणतो, "त्याच्यावर चालतं की नाही, सांगता येत नाही." म्हणून आज त्याचंच बोलू.

प्लेअर कशाला, मोबाइल आहे की, असं कुणी म्हणेल. आहे ना. पण तो घरात कुणाच्या खिशात असतो ते बघा. सकाळी मुलाबरोबर परभणीला जातो आणि रात्री परत येतो. बैठक असते दुपारी. सामुदायिक रेडिओ दहा-पंधरा किलोमीटरच्या पलीकडे सहसा ऐकू येत नाही, आणि जिथे येतो तिथेही कार्यक्रमाच्या वेळी आपण सोयाबीनच्या शेतात असतो. गटाच्या मालकीचं यंत्र असलं की ऐकण्याची वेळ आपण ठरवतो.

आता लिनक्स. संगणक सुरू झाला की आतलं सगळं काम चालवणारी ही प्रणाली. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तिची सुरुवात केली, पुढे जगभरच्या लोकांनी भर घातली. आपल्याकडे सी-डॅकने याच पायावर 'बॉस' नावाची प्रणाली केली. हिच्यासाठी परवान्याचे पैसे लागत नाहीत. नक्कल करून शेजारच्या गटाला दिली तरी चोरी होत नाही. जात्यावर एकीने ओवी सुरू करायची, दुसरीने आपल्या भावाचं, गावाचं नाव घालून पुढे न्यायची, तसंच हे. फक्त एक अट आहे: बदल करून पुढे दिलं, तर घेणाऱ्यालाही तीच मोकळीक द्यायची.

मग प्लेअरचं काय अडतं? अडतं ते कंपनीच्या कुलपाचं. काही प्लेअर स्वतःच्या खास सॉफ्टवेअरशिवाय गाणं आत घेतच नाहीत. आयपॉडचं उदाहरण घ्या. त्यात गाणी भरायची ती आयट्यून्समधून, आणि आयट्यून्स लिनक्ससाठी कधी निघालंच नाही. शिवाय तो दुसऱ्या संगणकाला जोडला, तर आतलं पुसून नव्याने भरू का, असं विचारतो. घाईत कुणी 'हो' दाबलं की संपलं. चार-पाच गटांत फिरणाऱ्या यंत्राला हे परवडणारं नाही.

म्हणून दुकानात एकच प्रश्न विचारा: वायर लावल्यावर हा पेन ड्राइव्हसारखा दिसतो का? दिसत असेल तर लिनक्सला त्याचं वावडं नाही. फाइल उचलायची, त्यात ठेवायची, झालं. दुकानदाराच्या 'हो'वर थांबू नका, लॅपटॉप सोबत न्या आणि तिथेच जोडून बघा. काही प्लेअरच्या सेटिंगमध्ये 'एमटीपी' आणि 'मास स्टोरेज' असे दोन पर्याय असतात. त्यातला मास स्टोरेज निवडा. एमटीपीही बहुतेक वेळा चालतं, पण मध्येच अडकतं. आणि जोडल्यावर काहीच दिसलं नाही, तर आधी वायर बदलून बघा. काही वायरी नुसत्या चार्जिंगच्या असतात, त्यांतून फाइल जातच नाही.

लिनक्सवर एमपीथ्री वाजत नाही, असं कुणी सांगितलं तर ती जुनी गोष्ट समजा. एमपीथ्रीवर पेटंट होतं, म्हणून काही लिनक्समध्ये ती सोय आधीपासून घालून देत नसत. २०१७ साली तो परवान्याचा कारभार संपला. नेहमीच्या दर्जाच्या एमपीथ्रीला मिनिटाला साधारण एक एमबी जागा लागते. म्हणजे ८ जीबीच्या कार्डात वीस-वीस मिनिटांची सुमारे ४०० भाषणं मावतात. मोठ्या कार्डाचा मोह नको. बाजारात खोटी कार्डंही येतात, वर ६४ लिहिलेलं आणि आत ८. लिनक्ससाठी 'एफथ्री' नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे. ते कार्ड भरून, परत वाचून खरी जागा सांगते. विंडोजवाल्यांनी आपल्याकडे तपासायला यावं, असं हे काम आहे!

आमच्या मते प्लेअरला रेकॉर्डिंगचं बटण असावंच. आपल्याच जिल्ह्यातल्या ताडकळसला १९९६ साली जात्यावरच्या ओव्या टेपवर घेतल्या गेल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी चालवलेलं ते काम. महाराष्ट्रभरातून त्यांनी एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज त्यामुळे आजही ऐकता येतो. आपल्या गटातल्या म्हाताऱ्या बायांना येणाऱ्या ओव्या कुठे आहेत? त्यांच्या तोंडात, आणि कुठेच नाही. गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं, सुनांना त्या येत नाहीत.

ओव्या घेताना शक्य असेल तर 'वेव्ह' प्रकारात घ्या. जागा जास्त खाते, मिनिटाला दहा एमबीच्या आसपास, पण आवाज पूर्ण राहतो. मूळ फाइल लॅपटॉपवर ठेवा, आणखी एक नक्कल पेन ड्राइव्हवर. मग 'ऑडॅसिटी'मधून एमपीथ्री करून तेवढीच प्लेअरमध्ये घाला. ऑडॅसिटीही फुकट आहे आणि लिनक्सवर चालतं. प्लेअर हरवला, पडला, तरी ओवी जात नाही.

वायर काढण्याआधी पडद्यावर 'इजेक्ट' करायला विसरू नका. फाइल गेल्यासारखी दिसते, पण लिहिणं मागे चालूच असतं. स्वस्त प्लेअरच्या पडद्यावर मराठी नावांचे नुसते चौकोन दिसतात, तेव्हा फाइलला ०१, ०२ असे इंग्रजी आकडे द्या आणि कुठल्या आकड्याला कोणतं भाषण, ते वहीत लिहा. काही प्लेअर आकड्याप्रमाणे न वाजवता ज्या क्रमाने भरलं त्या क्रमाने वाजवतात, म्हणून एकेक करून, ओळीने भरा. बटणं मोठी आणि अंधारातही चाचपून कळतील अशी बघा. आमच्या गटात प्लेअर आठवड्याला एकीच्या घरी असतो, आणि कुणाकडे आहे ते बचतीच्या नोंदवहीच्या शेवटच्या पानावर सहीनिशी लिहिलेलं असतं.