पायथन भाषेतील सत्यासत्यविचार

तर्कशास्त्रात सत्य आणि असत्य ही विधानांची मूल्ये होत. ‘पाऊस पडत आहे’ हे वाक्य सत्य किंवा असत्य ठरू शकते. ‘पाऊस’ हे नुसते पद सत्यही नसते व असत्यही नसते. स्क्रिप्टिंग भाषांनी हा निर्बंध पाळलेला नाही. भाषिक सामग्रीच्या गणनेसाठी अभ्यासक ज्या पायथन भाषेचा वापर करतात, तीत संख्या, अक्षरमाला, यादी अशी जवळजवळ कोणतीही वस्तू ‘इफ’ या शब्दापुढे ठेवता येते आणि संगणक तिला सत्य किंवा असत्य मानून पुढील मार्ग निवडतो. ही सोय कोणत्या नियमाने चालते व ती संशोधकाला कोठे चकवते, हे पाहणे उपयुक्त ठरेल.

नियम थोडक्यात असा की, जे शून्य किंवा रिकामे ते असत्य. बाकीचे सारे सत्य. ‘फॉल्स’ हे मूल्य, अभाव दर्शविणारे ‘नन’, शून्य ही संख्या, रिकामी अक्षरमाला आणि रिकामी यादी यांची गणना असत्यात होते. याउलट, जिच्यात केवळ एक मोकळी जागा आहे ती अक्षरमाला सत्य होय; कारण तिची लांबी १ आहे. अवतरणचिन्हांत लिहिलेला ‘फॉल्स’ हा शब्ददेखील याच कारणाने सत्य ठरतो. शब्दाचा उपयोग आणि शब्दाचा उल्लेख यांतील जो भेद भाषाशास्त्रात मानला जातो, तोच येथे प्रत्ययास येतो.

या मूल्यांना अंकांशी जोडण्याची परंपरा जुनी आहे. जॉर्ज बूल याने १८५४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तर्काचे बीजगणित १ आणि ० यांच्या आधारे मांडले. पायथनमध्ये २००३ सालच्या २.३ या आवृत्तीत ‘बूल’ हा स्वतंत्र प्रकार आला. परंतु तो पूर्णांकांचाच उपप्रकार ठेवण्यात आला. त्यामुळे ‘ट्रू’ अधिक ‘ट्रू’ यांची बेरीज २ येते.

खरी अडचण अशी की, या नियमाने ‘शून्य’ आणि ‘अभाव’ या दोन भिन्न गोष्टी एकाच कप्प्यात पडतात. समजा, एका बोलीतील विशिष्ट रूप दहा भाषकांच्या ध्वनिमुद्रणांत किती वेळा आले, याची नोंद केली आहे. चौघांच्या बोलण्यात ते प्रत्येकी ५ वेळा आले. चौघांच्या बोलण्यात एकदाही आले नाही, म्हणून तेथे ० लिहिले. उरलेल्या दोघांची ध्वनिमुद्रणे अद्याप ऐकलेली नाहीत, म्हणून तेथे ‘नन’ आहे. अपुऱ्या नोंदी वगळण्यासाठी ‘इफ संख्या’ एवढेच लिहिले, तर दोन नोंदींबरोबर शून्याच्या चार नोंदीही गळून पडतात. वास्तविक सरासरी २० भागिले ८, म्हणजे २.५ आहे, यंत्र मात्र २० भागिले ४ करून ५ हे उत्तर देते. ते रूप प्रत्यक्षात आहे त्याच्या दुप्पट रूढ भासते आणि यंत्र चुकीची कोणतीही सूचना देत नाही.

भाषेच्या रचनाकारांनाही हा प्रश्न चुकला नाही. पायथनच्या ग्रंथालयात वेळ दर्शविणारी एक वस्तू आहे. यूटीसी प्रमाणवेळेनुसार मध्यरात्रीची वेळ, शून्य तास शून्य मिनिटे असल्यामुळे, पूर्वी असत्य मानली जाई. जणू वेळ दिलेलीच नाही! २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ३.५ या आवृत्तीत हे वर्तन बदलण्यात आले.

इतर भाषांनी सीमारेषा निराळी आखली आहे. रूबीमध्ये केवळ ‘फॉल्स’ आणि ‘निल’ ही असत्य आहेत. तेथे शून्यही सत्य होय. जावास्क्रिप्टमध्ये शून्य असत्य, परंतु रिकामी यादी सत्य असते. यावरून स्पष्ट होते की, हा तर्काचा अटळ नियम नसून त्या त्या भाषेचा संकेत आहे.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला शून्य आणि अभाव यांतील भेद अपरिचित नाही. ‘दगड पडला’ आणि ‘दगड पडले’ यांत नामाचे रूप बदलत नाही. तरीही दुसऱ्या वाक्यात अनेकवचनाचा शून्य प्रत्यय मानला जातो. पाणिनीच्या व्याकरणातही प्रत्ययाचा लोप झाला तरी त्याचे कार्य शिल्लक राहते. शून्य ही माहिती आहे. अभाव म्हणजे माहिती नसणे. म्हणून संख्यांच्या नोंदी तपासताना ‘इफ संख्या’ असे न लिहिता ‘इफ संख्या इज नॉट नन’ असे लिहावे. तीन शब्द अधिक पडतात. परंतु जे विचारावयाचे आहे, तेच त्यांनी विचारले जाते.