चाळीस बोल्टांचा हिशेब

चाकणच्या कारखान्यातून बाहेर पडणारी गाडी एका छपराखाली तयार झालेली नसते. फोक्सवॅगनचा कारखाना इथे २००९ मध्ये सुरू झाला. महिंद्रा, बजाज आणि मर्सिडीज-बेंझही याच पट्ट्यात आहेत. त्यांना लागणारे कितीतरी सुटे भाग भोसरी-चिंचवडच्या लहानमोठ्या शेडमधून येतात. कोणता भाग किती लागणार हे सांगणारा कागद म्हणजे बिल ऑफ मटेरियल, बोलण्यात बीओएम. गाडीत दरवाजा, दरवाज्यात बिजागरी, बिजागरीत बोल्ट अशी त्याची रचना थरांत थर असते. परचेसवाल्याला मात्र थर नको असतात. बाहेरून विकत घ्यायच्या भागांची सरळ यादी हवी असते. झाडासारख्या या रचनेतून यादी काढण्याचे हे काम पीएचपीत लिहिलेल्या प्रोग्रामला सांगितले, की ‘गाळणे’ आणि ‘मोजणे’ या दोन वेगळ्या गोष्टी असल्याचे लगेच दिसते.

समजा, गाडीला ४ दरवाजे, प्रत्येक दरवाज्याला २ बिजागऱ्या आणि प्रत्येक बिजागरीला ४ बोल्ट आहेत. तोच बोल्ट दोन सीटनाही प्रत्येकी ४ लागतो. दरवाज्यांचे ३२ आणि सीटचे ८, असे एकूण ४०. पीएचपीतले ‘अ‍ॅरे फिल्टर’ फक्त वरचा थर तपासते. त्याला ‘दरवाजा’ आणि ‘सीट’ दिसतात, आतला बोल्ट दिसतच नाही. ‘अ‍ॅरे वॉक रिकर्सिव्ह’ तळापर्यंत उतरते, पण टोकाचे नाव आणि आकडा एवढेच हाती देते; वाटेत कोणता दरवाजा, कोणती बिजागरी लागली ते सांगत नाही. मग बोल्टाच्या दोन नोंदी मिळतात, ४ आणि ४, बेरीज ८. रिकर्सिव्ह इटरेटरने सगळे सपाट करून नेहमीच्या पद्धतीने अ‍ॅरेत भरले, तर दोन्ही जागी ‘बोल्ट’ हीच किल्ली असल्याने दुसरी नोंद पहिलीवर बसते आणि उरतात ४. चूक दाखवणारा एकही संदेश येत नाही.

उपाय म्हणजे स्वतःलाच पुन्हा बोलावणारे फंक्शन, अर्थात रिकर्शन. पण खाली उतरताना त्याच्या हाती वरचा गुणाकार द्यायचा. दरवाज्यात शिरताना ४, बिजागरीत शिरताना ४ गुणिले २ म्हणजे ८, बोल्टापाशी ८ गुणिले ४ म्हणजे ३२. आलेली नोंद जुन्या नोंदीवर लिहायची नाही, तिच्यात मिळवायची.

रिकर्शन मेमरी खाते, साधी लूप बरी, असा आक्षेप घेतला जातो. खूप खोल रचनेत तो खरा आहे. पण गाडी कितीही मोठी असली तरी असेंब्लीचे थर हजारांत जात नाहीत. खरा धोका वेगळा आहे. डेटाबेसमध्ये कोणी चुकून एखादा भाग त्याच्याच पोटात नोंदवला, तर उतरण कधी संपतच नाही. म्हणून वाटेतल्या भागांची नावे सोबत ठेवावीत आणि एखादे पुन्हा आले की तिथेच थांबावे. दुसरा आक्षेप असा, की मायएसक्यूएलमध्ये ८.० आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून, असा प्रश्न थेट डेटाबेसलाच विचारता येतो, मग पीएचपीत खटाटोप कशाला? जरूर विचारावा, आणि मोठ्या बीओएमसाठी ते सोयीचेही पडते. पण तिथेही प्रत्येक थराचा नग पुढच्या थराला लावायला विसरलात तर उत्तर ८ च येणार. भाषा बदलली म्हणून गुणाकार टळत नाही.

म्हणूनच असा प्रोग्राम तपासताना यादीत सगळ्या भागांची नावे आली, एवढ्यावर समाधान मानू नये. चुकीच्या यादीतही बोल्टाचे नाव असतेच. एका दरवाज्याचा हिशेब कागदावर मांडून ८ येतात का बघावे, मग चार दरवाज्यांचा, मग सीट धरून पूर्ण गाडीचा. त्या ४० च्या जागी ८ आले, तर स्टोअरमध्ये प्रत्येक गाडीमागे ३२ बोल्ट कमी पडतील, आणि ते कळेल लाइन थांबल्यावर.